जुनी तीनचाकी एटीसी सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीरपणे चालवता येईल का? (ॲरिझोना)

रानवाट

नमस्कार मंडळी.

मी फिनिक्समध्ये राहतो. पेसन गावाबाहेर, टोंटो राष्ट्रीय वनाच्या कडेला आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून एक लाकडी घर घेतले आहे. मागच्या वर्षी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडून मी १९८५ सालची, २०० सीसीची, चार-स्ट्रोक इंजिनाची जपानी तीनचाकी, म्हणजे रस्त्याबाहेर रानावाळूत फिरण्यासाठी बनवलेली एटीसी, विकत घेतली. फुगवलेल्या फुग्यांसारखी तीन मोठी चाके, मोटरसायकलसारखे हँडल आणि अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, असे हे वाहन आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळातल्या चारही जपानी कंपन्यांच्या तीनचाकींची मूळ रचना सारखीच होती आणि माझे प्रश्न त्या रचनेविषयी आहेत.

अडचण अशी आहे की घराच्या फाटकापासून रानातल्या पायवाटेच्या तोंडापर्यंत सुमारे ४०० मीटर डांबरी रस्ता आहे आणि त्यापुढे तीन किलोमीटर काउंटीने (इथल्या जिल्हा प्रशासनाने) राखलेला कच्चा रस्ता आहे. गाडीवर ॲरिझोनाची 'आरव्ही' मालिकेची पाटी (नंबर प्लेट) आहे आणि रानात फिरण्यासाठी लागणारा २५ डॉलरचा वार्षिक स्टिकरही मी लावलेला आहे. कच्चा रस्ता म्हणजे रानच, अशी माझी समजूत होती. दिवाळीच्या सुटीत शेरीफच्या एका अधिकाऱ्याने मला थांबवले आणि अत्यंत सभ्यपणे समजावले की रस्ता कच्चा असला तरी सरकार त्याची देखभाल करते, त्यामुळे तो सार्वजनिक रस्ता ठरतो; तिथे 'आरव्ही' पाटी चालत नाही, मोटरसायकलची 'एमसी' पाटी लागते. त्यांनी दंड केला नाही, पण पुढच्या वेळी करतील असे सांगितले.

ट्रेलरवर गाडी चढवून तीन किलोमीटर नेणे आणि पुन्हा उतरवणे हा प्रकार मला हास्यास्पद वाटतो. म्हणून विचारतो, की रस्त्यासाठी न बनवलेले असे वाहन रस्त्यावर कायदेशीर करून घेतल्याचा कुणाला अनुभव आहे का?

पाना-पक्कड

मी डेट्रॉइटजवळ मोटारींच्या ब्रेक विभागात काम करतो आणि अशा जुन्या यंत्रांवर माझे प्रेम आहे, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट आपल्या बाजूची आहे. अमेरिकेच्या केंद्रीय सुरक्षा नियमांत मोटरसायकलची व्याख्या अशी आहे, की जिच्यावर स्वाराला बसण्यासाठी सीट किंवा खोगीर आहे आणि जी जमिनीला टेकलेल्या तीनपेक्षा जास्त चाकांवर चालण्यासाठी बनवलेली नाही, ती मोटरसायकल. म्हणजे चारचाकी एटीव्ही (अशीच रानात फिरायची, पण चार चाकांची गाडी) या व्याख्येबाहेर पडते, पण आपली तीनचाकी आत बसते. चारचाकीला रस्त्यावर आणायचे तर तिच्यासाठी राज्याने वेगळा कप्पा केलेला असावा लागतो; तीनचाकीसाठी मोटरसायकलचा कप्पा आधीच आहे. लोकांना हे उलटे वाटते, कारण तीनचाकी ही अधिक बदनाम.

दुसरी गोष्ट विरुद्ध बाजूची आहे. अमेरिकेत नवीन वाहनाला सरकार आधी तपासून मान्यता देत नाही. बनवणारी कंपनीच स्वतःच्या जबाबदारीवर प्रमाणित करते, की निर्मितीच्या दिवशी लागू असलेले सर्व सुरक्षा नियम हे वाहन पाळते, आणि तसे लेबल सांगाड्यावर चिकटवते. आपल्या गाडीवर ते लेबल नाही. तिच्यावरच्या लेबलात उलट फक्त रस्त्याबाहेर वापरण्याची सूचना असणार. त्यामुळे सगळा प्रश्न राज्यावर येऊन थांबतो. काही राज्ये ते लेबल मागतात आणि विषय तिथेच संपतो. काही राज्ये म्हणतात, की दिवे, भोंगा, आरसा, ब्रेक आणि सायलेन्सर नीट असतील तर आमची हरकत नाही. ॲरिझोना दुसऱ्या गटात आहे. दक्षिण डकोटा आणि माँटाना हीदेखील या बाबतीत उदार राज्ये समजली जातात.

माँटानात कागदोपत्री कंपनी काढून तिथली पाटी आणायचा सल्ला आपल्याला कुणीतरी नक्की देईल. तिथे विक्रीकर नाही, म्हणून महागड्या गाड्यांचे मालक तो मार्ग धरतात. आपण ॲरिझोनाचे रहिवासी आहात, गाडी ॲरिझोनात उभी आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

तिसरी गोष्ट टायरची. टायरच्या बाजूवर 'एनएचएस' ही अक्षरे दिसतात का ते पाहावे. महामार्गावरील सेवेसाठी नाही, असा त्याचा अर्थ आहे.

खाडीकाठ

कॅलिफोर्नियातले वाचक हा धागा वाचून उत्साहित होतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. आमच्याकडे १९७८ आणि त्यानंतर बनलेल्या मोटरसायकलवर रस्त्यासाठीचे उत्सर्जन लेबल नसेल, तर तिची रस्त्यावरच्या वापरासाठी नोंदणी होत नाही. आरसे लावा, दिवे लावा, काहीही करा. मी एका जुन्या रानगाडीसाठी दोन महिने खटपट केली आणि शेवटी ती वाळवंटात राहणाऱ्या मित्राला देऊन टाकली.

काळी माती

मी निफाडचा. द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये ट्रॅक्टर फिरवताना फांद्या मोडतात, तेव्हा अशी अरुंद तीनचाकी फवारणीचे सामान वाहायला छान होईल असे वाटते. जुने स्कूटरचे इंजिन घेऊन आमच्याकडचा कारागीर असे वाहन बनवायला तयार आहे. बागेतून गावातल्या गोडाऊनपर्यंत एक किलोमीटर रस्ता लागतो. तिकडे चालते तर इकडे का नाही चालणार, असा माझा सरळ प्रश्न आहे.

निवृत्त निरीक्षक

मी परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक होतो. काळी माती यांचा प्रश्न धाग्याच्या विषयाला जोडूनच आहे, म्हणून उत्तर देतो.

इकडे का नाही चालणार, याचे कारण वर पाना-पक्कड यांच्या लेखनातच दडलेले आहे. अमेरिकेत कंपनी स्वतः प्रमाणित करते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार कंपनीला वाहनाचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासणीला द्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या त्यांपैकी काही. नमुना मंजूर झाला की त्याच नमुन्याबरहुकूम बनलेल्या गाड्यांची नोंदणी होते. कारागिराने एकच गाडी बनवली तर तिला नमुना मंजुरी नाही, आणि मंजुरी नाही म्हणून नोंदणी नाही.

आधीच नोंदणी झालेली स्कूटर घेऊन तिला तिसरे चाक जोडावे म्हटले, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ चांगलाच घट्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. याला एक माणुसकीचा अपवाद आहे. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी वाहनात फेरफार करता येतो आणि कायदा अशा वाहनाला अनुकूलित वाहन म्हणून ओळखतो. मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटर आपण रोज पाहतो, त्या याच सोयीतल्या. त्या सवलतीच्या नावाखाली द्राक्षाचे क्रेट वाहता येणार नाहीत.

बागेच्या आत चालवण्याविषयी काही जण म्हणतील की ती खासगी जागा आहे. रुळांवर चालणारी वाहने सोडली, तर कायद्यात 'मोटार वाहन' या व्याख्येतून आणखी दोन गोष्टी वगळल्या आहेत. एक, केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेले वाहन. आणि दोन, चारपेक्षा कमी चाकांचे, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन. स्कूटरचे इंजिन २५ सीसीत बसणार नाही. आवार बंदिस्त असेल तर आत चालवा, पण एक किलोमीटर रस्ता आला की दोन्ही अपवाद गळून पडतात. उत्तरेकडच्या 'जुगाड' गाड्यांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच म्हटले, की ते मोटार वाहनच आहे आणि त्याला कायदा लागू आहे.

नोकरीत असताना मी असे एक घरगुती वाहन पकडले होते. ब्रेकच्या जागी पायाने दाबायची लाकडी फळी होती आणि ती थेट चाकाच्या रबरावर घासत असे. चालवणारा मुलगा हुशार होता, त्याला अटक करावी की शाबासकी द्यावी हे मला त्या दिवशी कळले नव्हते. वाहन जप्त केले, हे सांगायला नको.

रानवाट

निरीक्षकसाहेब, सविस्तर माहितीबद्दल आभार. ही गाडी कधी भारतात नेता येईल का, हाही प्रश्न माझ्या मनात होता.

निवृत्त निरीक्षक

नाही. जुने वाहन आयात करायचे तर ते निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुने असून चालत नाही. आपली गाडी चाळीस वर्षांची आहे.

सह्याद्रीकन्या

मी यूटात अस्थिरोग विभागात काम करते. कागदांची चर्चा चालू आहे, त्यात एक वेगळी गोष्ट सांगते, कारण रानवाट यांना ही गाडी मित्रांच्या मुलांनाही चालवायला द्यावीशी वाटेल.

माझा स्वतःचा अनुभव अशाच एका जुन्या तीनचाकीवरचा आहे. अमेरिकेत नवीन आले होते आणि एका स्नेह्यांच्या शेतावर ती चालवायला मिळाली. लुना आणि स्कूटी चालवून मोठी झालेली मी, तोल जातोय असे वाटले की पाय जमिनीला टेकवायचा हे अंगात मुरलेले. वळणावर गाडी कलली, मी डावा पाय खाली टेकवला, आणि मागचे रुंद चाक माझ्या पोटरीवर चढले. दुचाकीवर पायाच्या मागे काहीच नसते, इथे पायाच्या थेट मागे चाक असते. टायर इतके मऊ होते म्हणून हाड वाचले, पण घोट्याचा स्नायुबंध फाटला. गाडीत बिघाड काहीच नव्हता, चूक माझ्या सवयीची होती. ज्या माणसाला दुचाकी उत्तम येते, तो या गाडीवर जास्त धोक्यात असतो, असे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

कायद्याचे म्हणाल, तर ॲरिझोनात १८ वर्षांखालील स्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे आणि वरच्यांना नाही. ही सूट घेऊ नका.

पाना-पक्कड

ताईंनी विषय योग्य ठिकाणी आणला. दिवे आणि आरसे हे या प्रकरणातले सोपे भाग आहेत. अवघड भाग मागचा आस आहे.

या गाड्यांचा मागचा आस एकसंध असतो, त्यात डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसते. दोन्ही मागची चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, त्यामुळे दोन्ही सारख्याच वेगाने फिरणार. आता काटकोनात वळा. दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर सुमारे ७५ सेंटीमीटर धरले, तर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जवळजवळ ११८ सेंटीमीटर जास्त अंतर कापावे लागते. गंमत अशी की वळण मोठे घ्या की लहान, हा फरक तेवढाच राहतो. गणित करून पाहावे. चाके तर सारखीच फिरणार, मग हे सव्वा मीटरभर अंतर कुठे जाते? कुठले तरी एक चाक तेवढे घसरते. वाळूत, मातीत, बर्फात ते निमूटपणे घसरते आणि आपल्याला कळतही नाही. डांबर त्याला घसरू देत नाही. मग गाडी वळायलाच नकार देते आणि हँडल पूर्ण फिरवले तरी पुढचे चाक सरळ ढकलले जाते. स्वार घाबरून आणखी वळवतो, तेवढ्यात एखादा टायर अचानक पकडतो आणि आतले चाक उचलले जाते.

आपली रिक्षाही तीनचाकीच आहे, तीही वळणावर कलते, पण तिच्या मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल आहे. निरीक्षकसाहेबांनी सांगितलेल्या अपंगांच्या स्कूटरमध्ये बहुधा मूळचे मागचे चाकच गाडी ढकलते आणि बाजूची दोन चाके मोकळी फिरतात. म्हणजे तीन चाके हा दोष नाही. तीन चाके, एकसंध आस, उंच बसणी आणि मऊ टायर हे चारही एकत्र आले की अडचण होते.

ही चौकडी ज्या कामासाठी जमवली होती, त्या कामात ती अप्रतिम होती, हेही सांगायला हवे. १९७० साली होंडाने पहिली ९० सीसीची तीनचाकी अमेरिकेत आणली, तेव्हा हिवाळ्यात दुचाकी खपत नसत आणि विक्रेत्यांना बर्फात विकता येईल असे काहीतरी हवे होते. त्या पहिल्या गाडीला स्प्रिंग नव्हत्याच, सगळे धक्के टायरच पचवत. या जातीच्या टायरमध्ये हवा किती भरायची, तर जेमतेम २.२ पीएसआय, मोटारीच्या टायरमध्ये तीसच्या पुढे असते. पंधरा-सोळा वर्षांत त्याच गाडीची शर्यतीची रूपे आली, वेग वाढला, मुले चालवू लागली आणि अपघात वाढले. शेवटी १९८८ साली ग्राहक सुरक्षा आयोग आणि कंपन्या यांच्यात न्यायालयीन समझोता झाला आणि नवीन तीनचाकींची विक्री थांबली. लोकांच्या घरातल्या गाड्या मात्र कुणी परत घेतल्या नाहीत. रानवाट यांच्या अंगणात उभी आहे ती त्यांपैकीच एक. पुढे २००८ च्या कायद्याने अशा नवीन गाड्यांची आयात आणि विक्री स्पष्टपणे बंद केली, पण जुनी बाळगायला आणि चालवायला आजही आडकाठी नाही.

माझा प्रश्न असा आहे, की त्या ४०० मीटर डांबरी रस्त्यावर वळणे किती आहेत?

रानवाट

एकच आहे, शेवटी, काटकोनात.

आपला हिशेब वाचून मला स्वस्थ बसवेना. रविवारी सकाळी गावातल्या एका मोकळ्या वाहनतळावर, परवानगी घेऊन, मी प्रयोग केला. बायकोने रांगोळीच्या डब्यातली पांढरी पूड पाण्यात कालवून मागच्या दोन्ही टायरना फासली आणि मी चालण्याच्या वेगाने एक काटकोनी वळण घेतले. बाहेरच्या चाकाचा माग स्वच्छ उमटला, टायरची प्रत्येक गाठ वेगळी मोजता यावी इतका. आतल्या चाकाचा माग मात्र फरफटलेला होता, पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसावे तसा. हँडल शेवटपर्यंत फिरवूनही मी ठरवलेल्या रेषेच्या बाहेर दीड हात गेलो. तेच वळण घराच्या मागच्या मातीत गाडी सहज घेते.

मग मी जुन्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, की बाहेरच्या बाजूच्या पायटेकणीवर वजन टाकायचे आणि अंग आत झुकवायचे. आतल्या चाकावरचा भार कमी झाला की ते घसरते आणि गाडी वळते. तसे करून पाहिले, फरक लगेच जाणवला. पण हे शिकलेले तंत्र आहे, अंगभूत नाही, हे सह्याद्रीकन्या यांचे म्हणणे मला पटले. मुलांना गाडी द्यायची नाही, हे त्याच दिवशी घरात ठरले.

सह्याद्रीकन्या

दीड हात म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या लेनमध्ये, हे लक्षात असू द्या.

पाना-पक्कड

टायरचे काय झाले?

रानवाट

बाजूवर 'एनएचएस' आहेच. तिन्ही रिम नऊ इंची आहेत आणि त्या मापात रस्त्यासाठी प्रमाणित टायर शोधणे म्हणजे तीर्थयात्रा झाली. दोन पर्याय होते. रिम बदलून दहा इंची करायच्या आणि संथ वीजगाड्यांसाठी मिळणारे प्रमाणित टायर लावायचे, किंवा आहेत ते ठेवायचे. मी मागच्या दोन रिम बदलल्या. पुढच्यासाठी हब खरादावर वळवून घ्यावा लागला. खर्च किती झाला हे इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरातले काही सदस्य हा धागा वाचतात.

अरुंद आणि कडक टायरमुळे एक अनपेक्षित गोष्ट झाली, ती म्हणजे डांबरावर गाडी आधीपेक्षा कमी हट्टी वाटते. मातीत मात्र तिचा जुना तरंगणारा स्वभाव गेला. एकाच गाडीने दोन्हीकडे चांगले वागावे ही अपेक्षा मीच सोडून दिली आहे.

पाना-पक्कड

आणि वीज? त्या काळच्या, लाथ मारून सुरू होणाऱ्या गाड्यांना बॅटरीच नसते.

रानवाट

नव्हतीच. इंजिन चालू असेल तेवढाच पुढचा दिवा लागत असे, आणि इंजिन मंदावले की दिवाही मंदावत असे, जुन्या सायकलच्या डायनामोसारखा. त्या विजेवर भोंगा आणि ब्रेकचा दिवा चालेना. दिव्यासाठीच्या कॉइलचे एक टोक आत लोखंडाला, म्हणजे अर्थला, जोडलेले असते. ते तिथून सोडवून वेगळी तार बाहेर काढली, दोन्ही टोके रेक्टिफायर-रेग्युलेटरला (उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेची करून तिचा दाब स्थिर ठेवणाऱ्या डबीला) दिली आणि सीटखाली १२ व्होल्टची लहान बॅटरी बसवली. आधी हे टोक न सोडवता मी रेक्टिफायर जोडला होता आणि तो दहा मिनिटांत इतका तापला, की त्याचा काळा लेप वितळून इंजिनावर ठिबकला. ठिणगीची कॉइल वेगळी असते, तिला हात लावावा लागत नाही. सगळे दिवे एलईडी केल्यामुळे मिळणारी वीज पुरते.

ब्रेकच्या दिव्यासाठी एक स्विच पुरेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तीन लागले. उजवी मूठ पुढच्या चाकाचा ब्रेक दाबते, डावी मूठ मागच्याचा, आणि उजव्या पायाचे पेडलही मागच्याचाच. तिन्हींपैकी काहीही दाबले तरी मागे दिवा लागला पाहिजे. पेडलसाठी स्प्रिंगने ओढला जाणारा स्विच वापरला, आपल्याकडच्या जुन्या मोटरसायकलींना असतो तसाच; तो मी मागच्या वेळी पुण्याहून येताना खिशातून आणला होता.

याशिवाय मागचा दिवा, पाटीवर प्रकाश टाकणारा छोटा दिवा, लाल परावर्तक, आरसा, आणि २०० फुटांवरून ऐकू येईल असा भोंगा, एवढे झाले. भोंगा बायकोने रस्त्याच्या टोकाला उभे राहून तपासला. दिशादर्शक दिवेही लावले, कारण या गाडीवर एक हात हँडलवरून काढून खूण करणे मला सुरक्षित वाटत नाही. समोर काच नसल्यामुळे डोळ्यांना गॉगलही सक्तीचा आहे, हे मला या निमित्ताने कळले.

खाडीकाठ

कागदपत्रांचे काय? मालकीपत्र होते का? अशा जुन्या रानगाड्यांना बहुतेक वेळा साध्या कागदावरची विक्रीची चिठ्ठीच असते.

रानवाट

मालकीपत्र होते, हे माझे भाग्य. नसते तर ॲरिझोनात बॉण्डवर मालकीपत्र काढावे लागते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा जामीन घ्यावा लागतो.

पण मालकीपत्रातही मेख निघाली. मोटार वाहन विभागाच्या पहिल्या पातळीच्या तपासणीत मुख्यतः एवढेच पाहतात, की कागदावरचे वाहन आणि समोरचे वाहन एकच आहे. सांगाड्यावरचा क्रमांक चाळीस वर्षांच्या चिखलाखाली आणि नंतर कुणीतरी मारलेल्या लाल रंगाखाली होता. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन मी तो मोकळा केला. सतरा अक्षरे एकेक करून जुळवली, आणि बाराव्या जागी सांगाड्यावर शून्य होते, कागदावर इंग्रजी 'ओ'. वर्षांपूर्वी कुठल्या तरी कार्यालयात कुणीतरी टंकताना केलेली चूक.

निवृत्त निरीक्षक

यात घाबरण्यासारखे काही नाही. १९८१ पासूनच्या सतरा अक्षरी क्रमांकांत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरतच नाहीत. १ आणि ० शी गोंधळ होऊ नये म्हणूनच ती वगळली आहेत. म्हणजे कागदावरचा क्रमांक अस्तित्वात असूच शकत नाही. हे शांतपणे दाखवावे, वाद घालू नये. आम्ही तपासणीला बसत असू तेव्हा वाद घालणाऱ्याची गाडी आम्ही अंमळ जास्तच बारकाईने पाहत असू, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही.

रानवाट

साहेबांचा सल्ला तंतोतंत पाळला. तपासणी करणाऱ्या बाईंनी क्रमांकावर विजेरी धरली, बोटाने शून्य चाचपले आणि कागदावर दुरुस्तीची नोंद केली. मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि भोंगा वाजवायला सांगितला. त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती, म्हणाल्या, आणि त्यांची कवळी तिच्यावरूनच हरवली.

विमा काढताना मात्र तीन कंपन्यांनी नकार दिला. चौथीने जुन्या मोटरसायकलच्या सदरात घेतले. ॲरिझोनात किमान जबाबदारी विमा एका व्यक्तीच्या इजेसाठी २५,०००, एका अपघातातील सर्वांसाठी मिळून ५०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर इतका लागतो. मी तो दुप्पट घेतला. अर्जात 'मूळचे रस्त्याबाहेरचे वाहन, रस्त्यासाठी बदललेले' असे स्वच्छ लिहिले आणि त्याची प्रत जपून ठेवली आहे.

'एमसी' पाटी मागच्या आठवड्यात हातात आली.

काळी माती

अभिनंदन. मग त्या काटकोनी वळणाचे काय केले?

रानवाट

वळणाच्या पन्नास पावले आधी गाडी दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात आणतो, आरशात पाहतो, मागे कुणी असेल तर बाजूला थांबून त्याला पुढे जाऊ देतो. मग बाहेरच्या पायटेकणीवर उभा राहून चालण्याच्या वेगाने वळतो. रविवारी शेरीफचे तेच अधिकारी समोरून आले. त्यांनी पाटी पाहिली, हात केला, आणि मी वळण पूर्ण करेपर्यंत आपली गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून ठेवली.

पाना-पक्कड

रेक्टिफायरच्या जोडणीचे हाताने काढलेले चित्र असेल तर कृपया इथे टाकावे. माझ्याकडेही एक आहे, पडवीत, ताडपत्रीखाली.